भोंग्यातला शब्द तोंडी येतो तेव्हा: डिस्टोपियन चित्रपट कसे बघावेत

सोलापुरात गिरण्या चालू होत्या तेव्हा मनगटावर घड्याळ असणारी माणसं थोडी होती. भोंगा झाला की चूल पेटायची, भोंगा झाला की डबा निघायचा, भोंगा झाला की पाळी सुटायची. माझे वडील साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, तरी ते कित्येक महिने पहाटे नेमक्या त्याच वेळी उठून अंथरुणावर बसून राहायचे. आई म्हणायची, "अहो, आता कुठं जायचंय?" ते काही बोलायचे नाहीत.

पुढे खूप वर्षांनी मी 'मेट्रोपोलिस' पाहिला. फ्रिट्झ लांग यांचा 1927 चा जर्मन मूकपट. सुरुवातीला यंत्रांचे दट्टे वरखाली होतात, दहाच आकड्यांचं एक घड्याळ दिसतं, वाफेचा भोंगा होतो आणि पाळी बदलते. कामाला निघालेली रांग आणि कामावरून सुटलेली रांग एकमेकींच्या शेजारून जातात. माना खाली, पावलं एका ठेक्यात, आणि सुटलेल्यांची चाल निघालेल्यांहून मंद. मूकपट असल्यामुळे भोंगा ऐकू येत नाही, फक्त दिसतो. मला मात्र तो ऐकू आला. वडील पहाटे का उठून बसायचे, ते त्या दिवशी उमगलं.

तेव्हापासून मी या जातीचे चित्रपट शोधून शोधून बघतो. आता आम्ही दहा-बाराजण मिळून बघतो, शहराच्या पूर्व भागात एका घराच्या माडीवर, महिन्यातल्या दोन रविवारी. कुणी यंत्रमागाच्या घरचं आहे, कुणी कॉलेजात शिकतंय, एकजण बँकेतून निवृत्त झालेत. घरी तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा चार भाषा. माडीवर चारींची मिसळ. काय केल्याने चर्चा रंगते आणि कशाने ती भलतीकडे जाते, हे आम्ही चुकत चुकत शिकलो. कुणाला आपल्या गावात असं मंडळ सुरू करायचं असेल, किंवा एकट्यानेच नीट बघायचं असेल, त्यांच्यासाठी ही रीत लिहितोय.

आधी शब्द नीट करून घ्या

डिस्टोपिया म्हणजे बिघडलेल्या उद्याचं चित्र. आज जे बारीक दुखणं आहे ते वाढत गेलं तर समाज कसा होईल, हे त्यात दाखवलेलं असतं.

'प्रचार' या शब्दापाशी थोडं थांबावं लागतं. मराठीत प्रचार हा वाईट शब्द नाही. निवडणुकीचा प्रचार असतो, साक्षरतेचा प्रचार असतो, खादीचाही असतो. वाईट असेल तर आपण 'अपप्रचार' म्हणतो. त्यामुळे नव्याने आलेला माणूस चित्रपटात फक्त अपप्रचार शोधतो, म्हणजे खोटं काय सांगितलं तेवढंच. पण या चित्रपटांतला बराचसा प्रचार धडधडीत खोटा नसतोच. खरं असतं, पण निवडलेलं, मांडून ठेवलेलं, पुन्हा पुन्हा वाजवलेलं. म्हणून माडीवर आम्ही एक व्याख्या धरली आहे: कुणीतरी ठरवून, साधनं हाताशी घेऊन, अनेकांच्या मनात एकच गोष्ट बसवण्याची खटपट करतो तो प्रचार. खरी की खोटी, चांगली की वाईट, हे नंतर ठरवायचं.

विचारसरणी ही त्यापुढची अवस्था. प्रचार बाहेरून येतो; विचारसरणी माणूस स्वतःची म्हणून बोलतो, ती त्याला 'साधी गोष्ट' वाटते. आणि माध्यमांची सत्ता म्हणजे भोंगा कुणाच्या हातात आहे, तो कधी वाजवायचा आणि कधी गप्प ठेवायचा हे कोण ठरवतं, तो प्रश्न.

या तिन्हींना जोडणारा एक क्षण असतो. पडद्यावरचा, पोस्टरवरचा, भोंग्यातला शब्द एखाद्या पात्राच्या तोंडी आपणहून येतो, कुणी न विचारता, कुणी न धमकावता. तो क्षण पकडायला शिकणं हीच या सगळ्या रीतीची गाभ्याची गोष्ट आहे. बाकीच्या पायऱ्या त्यासाठीच्या आहेत.

पायरी 1: निवड आणि क्रम

एका फेरीत सहा चित्रपट पुरेत. आम्ही वर्षानुसार जात नाही, डोळा तयार होईल त्या क्रमाने जातो. सुरुवात 'मेट्रोपोलिस'ने करा. मूकपट असल्याने नजर आपोआप माणसांच्या हालचालींकडे जाते. 2008 मध्ये ब्युनोस आयरिसला या चित्रपटाचे हरवलेले बरेच भाग सापडले, ते जोडून 2010 ची प्रत तयार झाली. जवळजवळ अडीच तासांची ती प्रत मिळाली तर तीच घ्या.

दुसरा 'नाइन्टीन एटी-फोर', मायकेल रॅडफर्ड यांचा 1984 चा. मग पॉल व्हरहोव्हेन यांचा 'स्टारशिप ट्रूपर्स' (1997), त्यानंतर 'व्ही फॉर व्हेन्डेटा', मग त्रुफो यांचा 'फॅरनहाइट 451' (1966) किंवा जॉन कार्पेंटर यांचा 'दे लिव्ह' (1988), आणि शेवटी 'हंगर गेम्स' मालिकेतला 'मॉकिंगजे'चा पहिला भाग (2014). शेवटचा शेवटीच ठेवा, कारण त्यात प्रचार करणारी बाजू आपल्या आवडत्यांची आहे, आणि तिथे सगळ्यांची परीक्षा होते. 'चिल्ड्रन ऑफ मेन' (2006), 'ब्राझील' (1985) आणि 'द रनिंग मॅन' (1987) यांतले तुकडे मध्ये मध्ये सरावासाठी वापरायचे.

यातल्या बऱ्याच चित्रपटांत हिंसा आणि नग्नता आहे. शाळकरी मुलांना बसवू नका, आणि कॉलेजच्या मुलामुलींनाही आधी सांगून ठेवा.

पायरी 2: जागा आणि सामान

भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधा, खिडक्यांना दोन पदरी सोलापुरी चादरी लावा. दुपारच्या उन्हातही अंधार होतो. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. पण पैसे वाचवायचेच असतील तर चित्रात वाचवा, आवाजात वाचवू नका. या चित्रपटांतला निम्मा प्रचार कानावाटे येतो, आणि लॅपटॉपच्या बारीक स्पीकरवर मागून येणाऱ्या सूचना, बातम्या, घोषणा ऐकूच येत नाहीत. उपशीर्षकं इंग्रजीत ठेवावी लागतात. आमच्याकडे एकजण अवघड वाक्यं आधीच मराठीत काढून आणतो.

घरात ओळखीच्यांबरोबर बघणं वेगळं आणि सभागृह घेऊन जाहीर खेळ लावणं वेगळं. जाहीर खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि हक्क असलेल्यांची परवानगी लागते. ती घ्यायची तयारी नसेल तर मंडळ घरगुतीच ठेवा.

पायरी 3: पहिल्यांदा नुसतं बघा

वही नको, मध्ये थांबवणं नको, बोलणं नको. चित्रपट तुमच्यावर जे करतो ते करू द्या. कुठे रडू आलं, कुठे टाळी वाजवावीशी वाटली, एवढं लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

पायरी 4: चार रकान्यांची वही

दुसऱ्या वेळेला सगळा चित्रपट बघायची गरज नाही. चार-पाच प्रसंग निवडा आणि पानावर चार रकाने पाडा. पहिला: शब्द किंवा चित्र काय आहे. दुसरा: ते कुठून येतं, म्हणजे पडदा, भोंगा, पोस्टर, शाळा, जाहिरात. तिसरा: ते ऐकताना पात्राचं शरीर काय करतं. चौथा: तोच शब्द पुढे कुणाच्या तोंडी येतो, आणि किती मिनिटांनी.

तिसरा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि तिथेच घोटाळा होतो. 'नाइन्टीन एटी-फोर'ची सुरुवात बघा. सभागृहात द्वेषाची दोन मिनिटं चालू आहेत, समोरच्या पडद्यावर शत्रूचा चेहरा येतो आणि गर्दी किंचाळते. आमच्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी आहे. तिने वहीत घोषणांचा एकही शब्द लिहिला नव्हता, फक्त लिहिलं होतं, 'माणसं उभी राहिली. हात वर गेले. तोंडं उघडली. मग आवाज.' क्रम असा होता, हे आम्ही बाकीच्यांनी पाहिलंच नव्हतं. शरीर आधी सामील होतं, शब्द मागून येतो.

चौथ्या रकान्यासाठी 'स्टारशिप ट्रूपर्स'सारखा धडा दुसरा नाही. माणसं आणि महाकाय किडे यांच्यातल्या युद्धाचा हा चित्रपट सुरू होतो तोच सैन्यभरतीच्या जाहिरातीने. सैनिक एकेक करून कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, 'मी माझा वाटा उचलतोय!' शेवटी लष्करी वेषातलं एक लहान मूलही तेच म्हणतं आणि सगळे हसतात. बातम्यांच्या मध्ये मध्ये एक आवाज विचारतो, 'आणखी जाणून घ्यायचंय?' लहान मुलं झुरळं चिरडतायत, बाई टाळ्या वाजवतायत, असंही दिसतं. हे सगळं ओळखायला सोपं आहे. पहिल्या दुसऱ्या रकान्यात पटापट भरतं.

आता नायकाकडे बघा. जॉनी रिको हा साधा, देखणा, फार विचार न करणारा मुलगा. शाळेत त्याचे एक मास्तर आहेत, रॅझॅक. तेच पुढे त्याच्या तुकडीचे अधिकारी होतात. ते आल्या आल्या सांगतात, माझा नियम एकच, सगळ्यांनी लढायचं. लढाईत ते ओरडतात, 'चला माकडांनो, तुम्हाला काय कायमचं जगायचंय?' मास्तर मरतात. रिको अधिकारी होतो. त्याच्यासमोर नवी भरती उभी राहते, अगदी मिसरूड न फुटलेली पोरं. आणि रिकोच्या तोंडून तेच नियम, तेच वाक्य बाहेर पडतं. त्याला कुणी शिकवलेलं नाही, कुणी बघत नाही. तो मनापासून बोलतोय. मास्तरांवरच्या प्रेमापोटी बोलतोय.

प्रेमापोटी, हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. प्रचाराचा शब्द भीतीने तोंडी आला तर तो टिकत नाही, माणूस घरी जाऊन थुंकून टाकतो. आवडत्या माणसाकडून आला तर तो राहतो. व्हरहोव्हेन यांचं बालपण नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये गेलं. चित्रपटाची ती भरतीची जाहिरात त्यांनी मुद्दाम लेनी रीफेनश्टाल यांच्या 1935 च्या नाझी प्रचारपटासारखी बेतली. तरीही चित्रपट आला तेव्हा काही समीक्षकांनी त्यालाच फॅसिस्ट ठरवलं. मला त्यांचा राग येत नाही. चित्रपट सुरुवातीपासून प्रचाराच्याच आवाजात बोलतो, 'हे चूक आहे' असं सांगणारं एकही शहाणं पात्र तो आपल्याला देत नाही. ते काम आपल्यावर सोडतो. चौथा रकाना भरल्याशिवाय ते जमत नाही.

पायरी 5: आवाज बंद, मग चित्र बंद

एकच तुकडा तीनदा लावा. आधी आवाज पूर्ण बंद करून. मग प्रोजेक्टरवर हात ठेवून नुसता आवाज. मग दोन्ही.

'ब्राझील'मधली सुरुवातीची मुलाखत यासाठी उत्तम. शहरात स्फोट झालाय, आणि माहिती मंत्रालयाचे उपमंत्री दूरदर्शनवर बसलेत. चित्र बंद करून ऐकलं तर वाटतं, खेळाची बातमी चालू आहे. घातपात म्हणजे खिलाडूपणाचा अभाव, आपण चांगले फटके मारतोय, वगैरे. बॉम्बस्फोटांचं हे तेरावं वर्ष आहे, असं मुलाखतकार म्हणतो. त्यावर उत्तर येतं, नवख्यांचं नशीब! आवाज बंद करून बघितलं तर दिसतं एक प्रसन्न, कुटुंबवत्सल म्हातारा. दोन्ही जोडले की मेलेली माणसं वाक्यातून कशी नाहीशी झाली ते कळतं.

इथेच प्रचाराच्या क्लृप्त्यांची नावं शिकवून टाकावीत. न्यूयॉर्कमध्ये 1937 साली प्रचाराचं विश्लेषण करणारी एक संस्था निघाली होती, तिने सात क्लृप्त्या मांडल्या. आम्ही त्या आमच्या शब्दांत लिहून भिंतीला लावल्यात: शिक्का मारणं, गोड मोठे शब्द फेकणं, दुसऱ्याचं तेज आपल्यावर पाडून घेणं, मोठ्या माणसाची साक्ष काढणं, 'मी तुमच्यातलाच' म्हणणं, सोयीचं तेवढंच पुढे ठेवणं, आणि 'सगळे निघाले, तू मागं राहिलास' ही घाई. यादी उपयोगी आहे, पण तिचा एक धोकाही आहे. पोरं बिंगो खेळल्यासारखी खुणा करत सुटतात आणि माणूस विसरतात. म्हणून ती चौथ्या पायरीच्या आधी कधी देऊ नका.

पायरी 6: माणसाच्या पाठीमागे बघा

'चिल्ड्रन ऑफ मेन'ची पहिली काही मिनिटं पुरेत. कॅफेत लोक मान वर करून बातमी बघतायत, जगातला सगळ्यांत लहान माणूस, अठरा वर्षांचा, मारला गेलाय. नायक गर्दीतून वाट काढतो, कॉफी घेतो, बाहेर पडतो. त्याचं बातमीकडे लक्ष नाही. कॅमेरा त्याच्यामागून चालतो आणि त्या जगाची सगळी माहिती भिंतींवर, बसवर, पडद्यांवर नुसती पसरून ठेवलेली असते. एकजणाला फक्त मागचं बघायला बसवा, नायकाकडे बघायचंच नाही असं सांगून. तो जे सांगेल ते ऐकून बाकीचे चकित होतात.

मग सात रस्त्याला नाहीतर नवी पेठेत दहा मिनिटं उभं राहा आणि तेच करा. आम्ही केलं. क्लासचे टॉपर, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक, सोन्याच्या योजना. रोज तिथून जाणाऱ्या आमच्यातल्या एकालाही त्यातलं काही आठवून सांगता आलं नव्हतं. आठवत नाही म्हणजे परिणाम होत नाही, असं मात्र नाही. नायकालाही बातमी आठवली नसती.

पायरी 7: कात्री हातात घ्या

माध्यमांच्या सत्तेबद्दल भाषण देण्याऐवजी मोबाईलवर एक तुकडा जोडायला लावा. लेव्ह कुलेशॉव या रशियन दिग्दर्शकाने 1920 च्या आसपास केलेला प्रयोग कुणालाही करता येतो. एका गड्याचा चेहरा, काहीही भाव न आणता, दहा सेकंद टिपा. मग कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट, बंद पडलेला यंत्रमाग, दाराशी उभं असलेलं लेकरू असे तीन तुकडे घ्या. चेहरा तोच, मध्ये प्रत्येक वेळी वेगळा तुकडा घालून तीन फिती करा आणि तीन वेगवेगळ्या माणसांना दाखवा. एकाला तो भुकेला दिसेल, दुसऱ्याला काळजीत, तिसऱ्याला मायाळू. आमच्याकडे यंत्रमागवाली फीत बघून एका बाईंनी विचारलं, "ह्यांचं कर्ज किती हाय?"

आता 'द रनिंग मॅन' लावा. हेलिकॉप्टर चालवणारा पोलीस भुकेल्या, निःशस्त्र जमावावर गोळ्या घालायला नकार देतो. पुढे टीव्हीवर तीच फीत दाखवतात, पण कापून जोडलेली: त्यात त्यानेच गोळ्या घातल्यात. चित्रपट 1987 चा आहे, आणि त्यात पुढे एका माणसाच्या अंगावर दुसऱ्याचा चेहराही चढवतात. दोन्ही फिती शेजारी शेजारी लावा आणि वहीत लिहा, कोणती वाक्यं गेली, कोणती राहिली, कोणती पुढेमागे झाली. नवीन काहीच न बनवता नुसत्या कापण्याने किती होतं, ते बघण्यासारखं आहे.

'व्ही फॉर व्हेन्डेटा'त याच्या उलट बाजू आहे. लंडनमधली न्यायालयाची इमारत स्फोटात उडते, आणि सरकारी वाहिनी सांगते की ती ठरवून पाडली. पण दिग्दर्शक आपल्याला लगेच घराघरांत, दारूच्या गुत्त्यात नेतो. लोक बघतायत, आणि विश्वास ठेवत नाहीत. वाहिनीच्या कचेरीतही कुणी फसलेलं नाही. लोक हे खरं मानतील का असं विचारल्यावर उत्तर येतं की आपलं काम बातमी देण्याचं, रचण्याचं काम सरकारचं. या प्रसंगावर आमच्यात सर्वांत लांब वाद झाला. कुणाचाच विश्वास नाही, तर मग ही सत्ता टिकते कशी? माझं मत असं की वरून येणाऱ्या खोट्याचा हेतू नेहमी पटवण्याचा नसतो. 'हे खोटं आहे हे मला माहीत आहे, पण शेजाऱ्याला माहीत आहे का ते मला माहीत नाही', या अवस्थेत माणसांना एकेकटं ठेवलं तरी पुरतं. चित्रपटाच्या शेवटी हजारो लोक एकसारखे मुखवटे घालून बाहेर पडतात आणि मग ते काढतात, तेव्हा पहिल्यांदा शेजाऱ्याला शेजारी दिसतो.

आणि एक: या चित्रपटातला हुकूमशहा सटलर, जो भल्यामोठ्या पडद्यावरून आपल्याच मंत्र्यांवर ओरडतो, तो जॉन हर्ट यांनी केलाय. 1984 च्या चित्रपटात पडद्याखाली दबलेला विन्स्टन स्मिथही त्यांनीच केला होता. दोन चेहरे शेजारी लावून बघा. मला अंगावर काटा आला होता.

पायरी 8: खलनायक नसलेला चित्रपट

इथवर भोंगा वाजवणारा दिसत होता. तो दिसत नाही तेव्हा काय करायचं?

'दे लिव्ह'मध्ये एका बेकार मजुराला काळे चष्मे सापडतात. चष्मा घातला की रंग जातात, जाहिरातींच्या जागी 'आज्ञा पाळा', 'खरेदी करा' एवढंच दिसतं, आणि नोटेवर 'हाच तुझा देव'. सगळे या दृश्याबद्दल बोलतात. मी त्यानंतरच्या मारामारीबद्दल बोलेन. मजूर आपल्या मित्राला म्हणतो, एकदा चष्मा घालून बघ. मित्र नाही म्हणतो. आणि दोघे पाच मिनिटांहून जास्त वेळ एका गल्लीत एकमेकांना बडवतात. पहिल्यांदा बघताना पोरं कंटाळतात. दुसऱ्यांदा विचारा, तो का घालत नाही? त्याला बायकामुलं आहेत, काम टिकवायचंय, भानगड नकोय. त्याला कुणी फसवलेलं नाही. त्याचा संसार त्या न बघण्यावर उभा आहे. गिरण्या बंद पडल्यानंतरची वर्षं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

'फॅरनहाइट 451'मध्ये पुस्तकांना आग लावणारे बंबवाले सगळ्यांना आठवतात. मला नायकाची बायको लिंडा महत्त्वाची वाटते. ती घरात भिंतीवरच्या पडद्यासमोर बसते. नाटकातली पात्रं वळून विचारतात, 'लिंडा, तुला काय वाटतं?' क्षणभर थांबतात. तिने अडखळत काहीतरी म्हणायचं, की नाटक पुढे. तिचं उत्तर काहीही असलं तरी फरक पडत नाही, आणि ती आनंदाने फुललेली असते, कारण कुणीतरी तिचं मत विचारलं. हा चित्रपट 1966 चा आहे. चौथ्या रकान्यात इथे काय लिहायचं यावर आम्ही खूप विचार केला. शब्द तिच्या तोंडी आलाच नाही. तिच्यासाठी फक्त रिकामी जागा सोडली होती. तेवढंच लिहिलं.

या चित्रपटाची श्रेयनामावली लिहिलेली नाही, वाचून दाखवली जाते, पडद्यावर फक्त छपरांवरचे अँटेना. ज्या जगात वाचायला बंदी, तिथे अक्षरं नकोत म्हणून. नवीन लोकांना आधी सांगू नका, त्यांचं त्यांना कळू द्या.

पायरी 9: आपल्या बाजूचा प्रचार

'मॉकिंगजे'त बंडखोर लोक नायिका कॅटनिसला स्टुडिओत उभं करतात, रंग लावतात, मागे खोटी रणभूमी, आणि घोषणा द्यायला सांगतात. ती इतकी लाकडासारखी बोलते की बघणारे हताश होतात. मग तिला खऱ्या जखमींच्या रुग्णालयात नेतात. तिच्या डोळ्यांदेखत ते रुग्णालय बॉम्बने उडवलं जातं, ती संतापून कॅमेऱ्याकडे बघून बोलते, आणि ती फीत सगळीकडे पेटते. तिचा संताप खरा आहे. फीतही खरी आहे. आणि तो प्रचारच आहे, ठरवून केलेला, वेळ साधून सोडलेला. पुढे ती पाण्याकाठी एक गाणं म्हणते, आणि थोड्याच वेळात दूरच्या जिल्ह्यातली माणसं तेच गाणं म्हणत धरण उडवायला निघालेली दिसतात. चौथा रकाना भरून वाहतो.

आता पायरी 3 मधली आठवण काढा. तुम्हाला कुठे टाळी वाजवावीशी वाटली होती? बहुतेकांनी इथेच. मग प्रामाणिकपणे लिहा, हे माझ्यावर कसं चाललं. आमच्यातले काही यावर चिडतात, अत्याचार करणारे आणि सोसणारे एकाच मापाने मोजू नका म्हणतात. त्यांचं बरोबर आहे, हेतू वेगळे आहेत. पण रीत एकच आहे, आणि ती बघायला नकार देणं म्हणजे गल्लीतल्या त्या मित्रासारखं चष्मा न घालणं.

चित्रपट स्वतःही आपल्यावर हेच करत असतो. 'मेट्रोपोलिस'चा शेवट पुन्हा लावा. मालक आणि कामगार यांच्यात हृदयाने मध्यस्थी करायची, म्हणून दोघांचे हात एकमेकांत. पाळी तीच, घड्याळ तेच. लांग यांना स्वतःलाच तो शेवट पुढे पटेना. 1933 साली त्यांनी जर्मनी सोडली. पटकथा लिहिणाऱ्या त्यांच्या पत्नी थेआ फॉन हार्बू तिथेच राहिल्या आणि नाझी पक्षात गेल्या. आपल्याकडच्यांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की याच थेआबाईंनी पुढे बेळगावकडच्या आयी गणपत तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी लग्न केलं. 'नाइन्टीन एटी-फोर'ची मूळ कादंबरी लिहिणाऱ्या जॉर्ज ऑर्वेल यांचंही आपल्याशी असंच नातं. त्यांचा जन्म 1903 साली बिहारमधल्या मोतीहारीचा, आणि 1941 ते 1943 ते बीबीसीत बसून युद्धकाळात हिंदुस्थानसाठीच भाषणं तयार करत होते. सरकारी आवाज घडतो कसा, हे त्यांनी आतून पाहिलं होतं.

पायरी 10: गावात फिरून येणं

फेरीचा शेवट माडीवर करू नका. आम्ही चार हुतात्मा पुतळ्यापाशी जातो. 5 मे 1930 ला गांधीजींना अटक झाली, सोलापूर खवळलं, 8 मेला गोळीबार झाला, अधिकारी शहर सोडून निघाले आणि 9 ते 11 मे शहराचा कारभार लोकांनीच सांभाळला. 12 मेला लष्करी कायदा लागू झाला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर' हे पत्र चालवणारे कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. त्याच तीन दिवसांना सरकारी कागदात दंगल म्हटलं गेलं आणि सोलापूरच्या घरांत स्वातंत्र्याचे दिवस. इथे उभं राहून वहीत दोन्ही शब्द लिहायचे आणि आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी कोणता होता ते आठवायचं.

घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारायला सांगतो: पिक्चरच्या आधी लागणारं समाचार चित्र आठवतं का? 1948 साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि त्यांचे माहितीपट दाखवणं चित्रपटगृहांना बंधनकारक होतं. त्यातला आवाज बहुतेकांना अजून हुबेहूब काढता येतो. मजकूर कुणालाच सांगता येत नाही. आणीबाणीत, 1975 ते 1977, वर्तमानपत्रं आधी तपासून छापली जायची. 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती नष्ट केल्या गेल्या. किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणीवरून थांबली. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना बोलतं करा, मध्ये बोलू नका, आणि कोणत्या वाक्याला त्यांचा आवाज खाली येतो ते टिपा.

चर्चेचा एक नियम कडक पाळा. पहिली चाळीस मिनिटं फक्त पडद्यावरचं बोलायचं, आजचं राजकारण काढायचं नाही. दोनदा आम्ही हा नियम मोडला आणि दोन्ही वेळा माणसं उठून गेली. त्यातला एक वर्षभर आला नाही. चाळीस मिनिटांनंतर मोकळीक. तेव्हाही दुसऱ्याच्या तोंडी कोणता भोंगा आहे ते सांगायचं नाही. ज्याने त्याने आपलाच एक शब्द आणायचा, गेल्या आठवड्यात आपण बोललेला, आपला म्हणून बोललेला, आणि तो कुठून आला ते शोधत मागे जायचं.

मागच्या फेरीत बँकेतले काका बोलले नाहीत. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी वही पुढे सरकवली. पानावर घड्याळाची वेळ लिहिली होती, पहाटे पाच.